चुलीपाशी बसायचा हक्क

१६४२ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या वुल्सथॉर्प या खेड्यातला एक शेतकरी वारला आणि त्याच्या घरच्या चीजवस्तूंची यादी झाली. अशी यादी करायला सरकारी कारकून येत नसत. शेजारपाजारची दोन-चार जाणती माणसेच घरभर आणि गोठ्यातून फिरून मोजदाद करीत आणि किंमत लावीत. या घरी मेंढ्या भरल्या २३४. गुरे ४६. कोठारात ओट, माल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेले धान्य, नुकत्याच संपलेल्या हंगामाचे गवत. घरातले सामानसुमान आणि गायरानातले चराईचे हक्क धरून सगळ्याची किंमत झाली ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स. जमीन आणि घर यात नाही. ते या यादीत कधीच धरत नसत. का, ते पुढे येईल.

नुसता आकडा सांगून भागत नाही. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स. शेतमजुराला तेव्हा दिवसाला शिलिंगभर, कित्येकदा त्याहूनही कमी मजुरी मिळे. वर्षातले तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, तरी एवढी रक्कम मिळवायला त्याला तीस वर्षे लागली असती. त्या भागातल्या साधारण शेतकऱ्याचा कळप पस्तीसेक मेंढ्यांचा असे. म्हणजे गृहस्थ चांगला खाऊनपिऊन सुखी होता. त्याला सही मात्र येत नव्हती. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते आणि बायकोला दिवस गेले होते. नाताळच्या दिवशी तिला मुलगा झाला. मुलाला बापाचेच नाव ठेवले. आयझॅक न्यूटन.

त्या जगप्रसिद्ध मुलाच्या बापाविषयी आपल्याला जे थोडेफार ठाऊक आहे, ते बहुतेक त्याच्या मरणाच्या कागदांतून. मृत्युपत्र आणि ही यादी. हे कागद नसते तर तो फक्त चर्चच्या वहीतले एक नाव राहिला असता.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षे दिवाणी वकिली केली, आणि त्या काळात कितीतरी मृत्युपत्रे लिहून दिली. त्यातले एक विसरता येत नाही. एक म्हातारे शेतकरी आले होते. जमीन, विहीर, घर सगळे मुलांच्या नावे नीट लिहून झाले. कागद पुरा झाला असे मला वाटले, तर म्हणाले, "वकीलसाहेब, एक राहिलं. मागच्या खोलीला बाहेरून दार हवं. तिला सुनेच्या स्वयंपाकघरातून जायला लागू नये." मी ते लिहिले, पण मनात थोडे हसलोही. निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या जुन्या मृत्युपत्रांचे छापील संग्रह वाचायचा नाद लागला, आणि तिथे सतराव्या शतकातल्या शेतकऱ्यांच्या कागदांत तेच दार पुन्हा पुन्हा दिसू लागले, तेव्हा माझे ते हसणे मला आठवले. प्रोबेट, एक्झिक्युटर हे आमचे रोजचे शब्द तिकडूनच आलेले, १८६५ चा आणि पुढे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही त्याच परंपरेतला. पण शब्द आपल्याकडे आले, त्यांच्यामागची चूल तिकडेच राहिली. या लेखात ती दाखवावी एवढाच हेतू आहे.

आधी हा शेतकरी कोण ते सांगतो. त्याला इंग्रजीत 'योमन' म्हणत. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ मध्ये इंग्लंडचे वर्णन छापले, त्यात त्याने समाजाचे चार थर केले आहेत: वर सरदार आणि जहागीरदार, मग शहरांतले नागरिक, मग योमन आणि शेवटी मजूर-कारागीर. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणारी स्वतःच्या मालकीची जमीन ही योमनची जुनी कायदेशीर खूण. प्रत्यक्षात सतराव्या शतकात गाव ज्याला योमन म्हणे तो योमन: स्वतः नांगराला हात लावणारा, पण गडी ठेवणारा, चर्चची आणि गावाची कामे अंगावर घेणारा. शिवकालातला मिरासदार डोळ्यांसमोर आणला तर फार चुकणार नाही. न्यूटनच्या आजोबाने, रॉबर्टने, १६२३ मध्ये वुल्सथॉर्पची मॅनर म्हणजे गावातली जहागिरीच विकत घेतली होती. तरी घराण्याची ओळख योमन हीच राहिली. अक्षरओळखीचे म्हणाल तर डेव्हिड क्रेसी या इतिहासकाराने नॉरिच धर्मप्रांताचे कागद तपासून दाखवले आहे, की त्या काळी तिथल्या शंभर योमनांपैकी सुमारे ३५ जणांना सही करता येत नव्हती. न्यूटनचा बाप काही जगावेगळा नव्हता.

आता या माणसाने काहीच न लिहिता डोळे मिटले तर काय होई, ते पाहू. कारण मृत्युपत्र कशासाठी हे कळायचे, तर त्याच्यावाचून काय झाले असते हे आधी कळायला हवे.

जमीन थोरल्या मुलाला. सगळी. धाकट्यांना एक वाफाही नाही, मुलींना तर मुलगा असेतो प्रश्नच नाही. केंट परगण्यात सगळ्या मुलांना समान वाटा द्यायची चाल होती आणि काही गावांत तर जमीन सर्वांत धाकट्याकडे जाई, पण हे अपवाद. आपल्याकडच्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा हक्क जन्मला. तिकडे बाप जिवंत असेतो मुलाचा जमिनीवर काडीचा हक्क नाही. १५४० च्या कायद्याने तर बापाला आपली बहुतेक जमीन मृत्युपत्राने कुणालाही देण्याची मुभा मिळाली. म्हणजे बाप बोलला नाही तर सगळे थोरल्याला, आणि बाप बोलला तर तो म्हणेल तसे. इतकी मोठी सत्ता आपल्या जुन्या कर्त्या पुरुषाला कधी नव्हती.

चीजवस्तूंची, म्हणजे गुरे, धान्य, भांडी, रोकड यांची गोष्ट निराळी. त्या चर्चच्या न्यायालयाच्या ताब्यात. जमिनीचा निवाडा राजाच्या कोर्टात आणि मेंढ्यांचा बिशपच्या, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. म्हणून शेजाऱ्यांनी केलेल्या यादीत जमीन नाही: ती यादी चर्चच्या कोर्टासाठी असे, आणि जमिनीशी त्याला कर्तव्य नव्हते. मृत्युपत्र नसेल तर हे कोर्ट बहुधा विधवेलाच कारभार देई, आणि देणी भागवून उरलेले बायको व मुले यांच्यात वाटले जाई. १६७० मध्ये पार्लमेंटने त्याचे प्रमाण कायद्यानेच ठरवून टाकले: एक तृतीयांश विधवेला, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींना सारखे. हो, मुलींनाही. उत्तरेकडच्या यॉर्क प्रांतात तर जुन्या चालीप्रमाणे चीजवस्तूंचे तीन भाग पडत आणि त्यातला एकच माणसाला मनाप्रमाणे देता येई. बाकीचे दोन बायकोचे आणि मुलांचे. मेलेल्याचा वाटा म्हणत त्या एका भागाला. १६९२ मध्ये ती चाल कायद्याने मोडली.

आणि बायको? तिची कहाणी कडू आहे. लग्न होताच तिची गुरे, पैसा, दागिने नवऱ्याचे होत. तिच्या माहेरच्या जमिनीचा कारभारही त्याचा. नवऱ्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्र करता येत नसे. विधवा झाली की मात्र ती एकदम कायद्याच्या डोळ्यांना दिसू लागे. नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचे उत्पन्न तिला हयातभर मिळे. पण मॅनरच्या वहीवर चढवलेल्या जमिनीला त्या त्या गावाची चाल लागू होई. कुठे विधवेला अर्धी जमीन, कुठे सगळी, आणि कित्येक ठिकाणी तिने दुसरे लग्न केले की ती गेली.

थोडक्यात, कायदा थोरल्याची काळजी घेत होता. बाकीच्यांची काळजी कुणी घ्यायची हा प्रश्न होता, आणि मृत्युपत्र हे त्याचे उत्तर होते. मार्गारेट स्पफर्ड या बाईंनी केंब्रिजशायरमधल्या तीन खेड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले. मृत्युपत्रे कोण करतो, हे त्यांनी पाहिले. ज्याची मुले मार्गी लागली आहेत असा म्हातारा सहसा करीतच नसे. मृत्युपत्र करी तो ज्याचे काम अर्धे राहिले आहे तो: मुले लहान, मुलींची लग्ने व्हायची, धाकटा अजून शेजारच्या गावात चाकरीला. हे वाचले तेव्हा मला माझ्या कचेरीतला बाक आठवला. निवांत माणसे तिथे कधी बसलीच नाहीत.

हे कागद बहुधा अंथरुणावर पडूनच होत. शरीराने आजारी पण स्मृतीने शाबूत, अशी कबुली सुरुवातीला असे, कारण पुढे कुणी भांडलाच तर तोच मुद्दा निघायचा. आधी देवाचे नाव, मग आत्मा देवाला, देह गावच्या चर्चच्या आवारात. या धार्मिक ओळींवरून मरणाऱ्याचा पंथ ओळखण्याचा मोह पुष्कळांना होतो. स्पफर्डबाईंनी दाखवले, की ती भाषा बरेचदा लिहिणाऱ्याची असते. गावात लिहिता येणारी दोन-चारच माणसे, पाद्री, एखादा शाळामास्तर, एखादा शेजारी, आणि प्रत्येकाचा मसुदा ठरलेला. आमच्या धंद्यातही तसेच आहे. एका वकिलाची पन्नास मृत्युपत्रे पाहा, पन्नासही अशिलांचा देव एकाच भाषेत बोलतो.

खरा माणूस बोलू लागतो तो त्यानंतर. आणि तो बोलतो चुलीविषयी.

थोरल्याला घर-जमीन मिळणार. पण त्याच घरात आई राहणार, आणि उद्या सून येणार. बाप हे जाणतो. मुलगा चांगला आहे हेही तो जाणतो, तरी लिहून ठेवतो. पत्नीला बैठकीच्या वरची खोली. त्या खोलीत येण्याजाण्याची पूर्ण मोकळीक. घरातल्या विस्तवावर तिला आपले अन्न शिजवता यावे आणि चुलीपाशी बसता यावे. वर्षाला इतक्या गाड्या सरपण, दाराशी आणून टाकलेले. इतके बुशेल बार्ली किंवा माल्ट. मुलाच्या गाईंबरोबर तिची एक गाय उन्हाळा-हिवाळा चरावी. बागेतल्या अमुक झाडाची सफरचंदे. विहिरीचे पाणी. ही कलमे मी कुठल्या एका कागदातून घेतलेली नाहीत; शेकडो कागदांत ती अशीच, थोडीफार इकडेतिकडे करून येतात. कुणाला ती मायेची वाटतील, कुणाला अविश्वासाची. माझ्या मते ती दोन्हींची आहेत. सरपण दाराशी आणून टाकावे असे बाप का लिहितो? रानात तोडून ठेवले आणि आई आणू शकली नाही, तर तेवढ्यावरच मुलगा सुटेल म्हणून.

इथे पलंगाचाही खुलासा करून टाकतो. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला आपला दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग दिला, याची चेष्टा चारशे वर्षे चालू आहे. शेक्सपिअर स्वतःला सद्गृहस्थ म्हणवी, पण वंश योमनांच्याच जगातला. बायको ॲन ही शॉटरीच्या हॅथवे शेतकऱ्याची मुलगी. तिच्या बापाने १५८१ मध्ये तिला लग्नाच्या दिवशी द्यायला १० मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स ठेवले होते. पलंग ही त्या जगात हलकी वस्तू नव्हती. हॅरिसनने म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेले तीन मोठे बदल नोंदवले आहेत: घरोघरी धुराडी झाली, लाकडी ताटांच्या जागी कथलाच्या मिश्रधातूची आली, आणि पेंढ्यावर झोपणारी माणसे गादीवर झोपू लागली. पिसांची गादी, उशा, पडदे, चादरी यांसह पलंग म्हणजे घरातली सर्वांत महाग चीज असे. म्हणून मुलीला पलंग, विधवेला पलंग, आणि कोणता पलंग तेही नेमके, अशी नोंद असे. शेक्सपिअरच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक.

मुलींना आणि धाकट्यांना रोकड. मुलीला लग्नाच्या दिवशी किंवा २१ वर्षांची झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा. धाकट्या मुलाला २१ किंवा २४ व्या वर्षी. एखादे मूल त्याआधी मेले तर त्याचा वाटा उरलेल्यांत वाटावा, हेही न चुकता. मरण त्या घरांना इतके ओळखीचे होते. काही घरांत मुलीला लहानपणीच एक मेंढी देत. तिची पिल्ले वाढत जात आणि लग्नापर्यंत मुलीचा छोटा कळप होई. धर्मपुत्रांना एकेक कोकरू, गावच्या गरिबांना काही शिलिंग. एमी एरिक्सन यांनी १९९३ मध्ये स्त्रियांच्या मालमत्तेवर पुस्तक लिहिले. जमीन मुलांकडे गेली तरी चीजवस्तू आणि पैसा देताना बाप मुलींच्या पदरात पुष्कळदा जास्त टाकून तोल सावरीत, आणि बहुतेक नवरे बायकोलाच व्यवस्थापक नेमीत, असे त्यांना दिसले. कायद्याच्या पुस्तकात जी बाई नवऱ्याच्या सावलीत दिसेनाशी झालेली आहे, तिच्याच हाती मरताना सगळा हिशेब दिला जात होता.

कधी कधी एखाद्या मुलापुढे फक्त १२ पेन्स लिहिलेले सापडतात. एक शिलिंग देऊन मुलाला हाकलले असा त्याचा अर्थ लावण्याची फार जुनी सवय आहे. तसे घडतही असेल. पण पुष्कळदा अर्थ साधा असतो: या मुलाला त्याचा वाटा लग्नात किंवा धंद्याला लावताना मिळाला आहे, आणि मी त्याला विसरलेलो नाही याची ही खूण. बापाने आयुष्यभर हप्त्याहप्त्याने जे दिले, त्याचा शेवटचा हप्ता फक्त आपल्याला दिसतो. नुसते मृत्युपत्र वाचून बापाला न्यायी किंवा अन्यायी ठरवू नये, हे मी व्यवसायात फार उशिरा शिकलो.

हा सगळा पैसा यायचा कुठून? इथे या व्यवस्थेची दुखरी बाजू आहे. रोकड घरात क्वचितच असे. मृत्युपत्र म्हणे, थोरल्याने बहिणीला इतके आणि धाकट्या भावाला इतके पौंड अमुक वर्षांत द्यावेत, आणि दिले नाहीत तर त्यांनी जमिनीत शिरून ते वसूल करावेत. म्हणजे थोरल्याला जमीन मिळाली ती भावंडांच्या देण्यासकट. दोन हंगाम बरे गेले तर ठीक. स्पफर्डबाईंच्या ऑरवेल गावात असे दिसले, की वाटण्यांनी आणि देण्यांनी वाकलेली मध्यम शेते वाईट सालांत टिकली नाहीत. दलदलीच्या काठच्या विलिंगम गावात मात्र चराईला मुबलक गायरान होते, म्हणून छोटा तुकडाही पोट भरू शकला. धाकट्यावर माया करणे कुठे परवडे आणि कुठे नाही, हे जमिनीवर ठरत होते.

आता वुल्सथॉर्पला परत जाऊ. तिथे एक बाई गरोदर आहे, नवरा नुकताच पुरला आहे, आणि त्याच सुमारास राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले आहे.

जमिनीची काळजी तिला नव्हती. सासरा रॉबर्टने डिसेंबर १६३९ मध्येच, लग्नाच्या आधी दोन वर्षे, वुल्सथॉर्पची सगळी मिळकत आपला मुलगा आयझॅक आणि होणारी सून हॅना आयस्कॉ यांच्या नावे बांधून दिली होती. हॅना जरा वरच्या घरातली. तिने वर्षाला ५० पौंड उत्पन्नाची जमीन माहेरून आणली होती. शहाण्या योमनाच्या घरी मृत्युपत्र हा कागदांतला शेवटचा कागद असे, आणि मोठे निर्णय लग्नाच्या करारातच होऊन जात. पोटातले मूल मुलगा निघाले, आणि बापाच्या मागे जन्मलेला तो मुलगा जन्मताच वारस झाला.

अशा पोराची जमीन कुणी सांभाळायची? इंग्लंडचा साधा नियम मला फार मार्मिक वाटतो. ज्या जवळच्या नातेवाइकाला ती जमीन कधीही मिळू शकत नाही, तोच मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत पालक. बापाकडून जमीन आली असेल तर काका पालक नाही, कारण पुतण्या मेला तर फायदा काकाचा. आई पालक. "काका मला वाचवा" ही हाक कानांत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आयझॅक तीन वर्षांचा झाला तेव्हा, जानेवारी १६४६ मध्ये, हॅनाने दुसरे लग्न केले. नवरा बार्नबस स्मिथ, दीड मैलावरच्या नॉर्थ विदम गावचा पाद्री, वय ६३, पैशाने भक्कम. विधवेच्या दुसऱ्या लग्नाची धास्ती मृत्युपत्रांत पुष्कळदा दिसते: बायको विधवा राहील तोवर तिला अमुक, लग्न केले तर मुलांच्या पैशांची हमी नव्या नवऱ्याने लिहून द्यावी. त्यात मत्सर कमी, हिशेब जास्त. लग्न लागताच तिच्याजवळचे सगळे पुन्हा एका पुरुषाचे होणार, आणि त्यातच पहिल्याच्या मुलांचे वाटे असणार. हॅनाच्या बाजूने बोलणी चोख झाली. स्मिथने लग्नाच्या अटी म्हणून आयझॅकच्या नावे जमीन करून दिली आणि वुल्सथॉर्पचे घर दुरुस्त करून दिले. कागदावर पाहिले तर या मुलाच्या हिताचे इतके चांगले रक्षण क्वचितच कुणाचे झाले असेल. पण आई नॉर्थ विदमला गेली आणि तो आजीजवळ वुल्सथॉर्पला राहिला. स्मिथ १६५३ मध्ये वारला आणि ती तीन लहान मुले घेऊन परतली, तेव्हा आयझॅक दहा वर्षांचा होता.

१६६२ मध्ये, केंब्रिजला असताना, एकोणीस वर्षांच्या न्यूटनने आपल्या पापांची यादी गुप्त लघुलिपीत लिहिली. आई आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, हे पाप त्यात आहे. जमिनीचा तुकडा, दुरुस्त झालेले छप्पर, सगळे त्याला मिळालेले होते. कोणत्याही करारात आणि कोणत्याही मृत्युपत्रात, मुलाने आईजवळ राहावे असे कलम मला अजून दिसलेले नाही. आईने मुलाच्या चुलीपाशी बसावे, याची कलमे शेकड्यांनी आहेत.

शेती त्याला जमली नाही. १६५९ मध्ये शाळेतून काढून त्याला घरी आणले, तर त्याच वर्षी त्याच्या मेंढ्या दुसऱ्यांच्या शेतात शिरल्या म्हणून गावच्या मॅनर कोर्टाने त्याला ३ शिलिंग ४ पेन्स दंड केला. बापाने २३४ मेंढ्या नीट राखल्या होत्या. मामा आणि शाळामास्तर मध्ये पडले आणि तो केंब्रिजला गेला, हे आपले सर्वांचे नशीब.

१६७९ मध्ये हॅना आजारी पडली. धाकट्या मुलाची शुश्रूषा करताना तिला ताप जडला होता. न्यूटन केंब्रिजहून आला, रात्री जागला, फोडांवर स्वतःच्या हाताने पट्ट्या बांधल्या. ती गेली. विधवा असल्यामुळे तिला मृत्युपत्र करता आले, आणि ते तिने केले होते. त्यात मुख्य वारस आयझॅक. स्मिथच्या मुलांची सोय स्मिथकडून आधीच झालेली होती.

आणि शेवटी हा माणूस. मार्च १७२७ मध्ये ८४ वर्षांचा होऊन वारला, टांकसाळीचा प्रमुख, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. सही न येणाऱ्या बापाने मृत्युपत्र केले होते. या मुलाने केले नाही. त्याच्या मागे सुमारे ३२ हजार पौंडांची चीजवस्तू होती. मग कायदा त्याच्या वाटेने गेला. बायको नाही, मूल नाही, तिन्ही सावत्र भावंडे आधीच गेलेली. १६७० चा कायदा चीजवस्तूंच्या बाबतीत सख्खे-सावत्र असा भेद करीत नव्हता, म्हणून सावत्र भावंडांच्या आठ मुलांत पैसा सारखा वाटला गेला. त्याच्याही पुढच्या पिढीपर्यंत त्या कायद्याचा हात पोचत नव्हता. हे न्यूटनला नक्की ठाऊक असावे, कारण मेलेल्या एका भाच्याच्या मुलांना त्याने मरणापूर्वी थोडे आधी विल्टशायरमध्ये जमीन घेऊन दिली होती, आणि दुसऱ्या एका भाचीच्या मुलीला केन्सिंग्टनमध्ये. तेव्हा त्याला विसराळू म्हणता येत नाही. द्यायचे ते त्याने जिवंतपणी दिले आणि बाकीचे कायद्यावर सोडले.

जमिनीला मात्र सावत्र रक्त चालत नव्हते. आई एक असली तरी बाप वेगळा, म्हणून हॅनाच्या नातवंडांचा वुल्सथॉर्पवर काही हक्क नव्हता. शोधाशोध होऊन बापाकडचा एक दूरचा नातेवाईक वारस ठरला, जॉन न्यूटन नावाचा. रॉबर्टने १६२३ मध्ये विकत घेतलेली, १६३९ मध्ये मुलाच्या आणि सुनेच्या नावे बांधून दिलेली ती मिळकत या जॉनच्या हाती आली, आणि सहा-सात वर्षांत विकली गेली.